लेकीला कॉलेजच्या व्हॉलीबॉल संघाची असिस्टंट कोच व्हायचंय. हे करिअर असतं का?

घाटवाट

मंडळी नमस्कार. एरवी मी वाचनमात्र असतो, पण गेले चार दिवस झोप नीट लागत नाही म्हणून धागा काढतोय.

आम्ही ओहायोत. मूळ सातारा. मुलगी बावीस वर्षांची, डिव्हिजन थ्रीच्या कॉलेजात (इथल्या कॉलेज खेळांच्या तीन श्रेणी, वन सगळ्यात वरची) चार वर्षं लिबेरो म्हणून, म्हणजे फक्त मागे बचाव करणारी म्हणून खेळली. नोव्हेंबरात शेवटची मॅच झाली, मेमध्ये डिग्री. तिने फिजिकल थेरपीला जायचं असं घरात ठरलेलं होतं. (साताऱ्याला आईला फोनवर 'पीटी स्कूल' सांगितलं, तर तिला वाटलं नात शाळेत पीटीची बाई होणार. आता वाटतंय, म्हातारीलाच पुढचं दिसलं.)

थँक्सगिव्हिंगला घरी आली आणि पानावर बसल्या बसल्या सांगितलं, बाबा, मी कोचिंगला जाणार. दुसऱ्या राज्यातलं एक छोटं डिव्हिजन टूचं कॉलेज तिला ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून घेतंय. दोन वर्षं मास्टर्सची फी माफ आणि महिन्याला थोडा भत्ता. थोडा म्हणजे किती, तर आमच्या गाडीचा हप्ता जास्त आहे.

गावात शूटिंग बॉल मीही खेळलोय, खेळाचं वावडं नाही. पण हे पाच-दहा वर्षांनी कुठे जातं? अनुभव असलेल्यांनी सांगावं. बायको म्हणते सांगून बघ. मी म्हणतो ऐकणार नाही.

शेंगदाणा

असिस्टंट कोच म्हणजे सुटलेले बॉल गोळा करून आणतो तो ना? हलके घ्या. :)

पीटीचे_सर

शेंगदाणा, बॉल गोळा करायचं काम आमच्याकडं डायरेक्टरच करतो. सांगतो कसं ते.

मी सांगली जिल्ह्यात एका कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक म्हणून एकोणतीस वर्षं काढली, आता निवृत्त. नाव मोठं, पण माणूस एकच. कबड्डी, खो-खो, ॲथलेटिक्स, व्हॉलीबॉल, बुद्धिबळ, कुस्ती, सगळ्यांना मीच. त्यात परीक्षेचं सुपरव्हिजन आणि पंधरा ऑगस्टची परेड. आपल्याकडं कॉलेजच्या आकृतिबंधात व्हॉलीबॉलचा कोच असं पदच नाही, मग असिस्टंट कुठनं येणार? डायरेक्टर व्हायचं तर एम.पी.एड. आणि नेट-सेट नाहीतर पीएच.डी. लिफ्टरनं (स्मॅशरला बॉल उचलून देणाऱ्यानं) सेट कसा द्यायचा हे शिकवता येतं का, असं कुणी विचारत नाही.

विद्यापीठाचा संघ आंतरविद्यापीठ स्पर्धेला निघाला की पत्रावर दोन नावं येतात, मार्गदर्शक आणि व्यवस्थापक. पंधरा दिवसांचं शिबिर, मग विभागीय स्पर्धा, आणि परत आलं की दोघंही आपापल्या कॉलेजात हजेरी मांडायला मोकळे. म्हणजे आपल्याकडं कोच हे पद नाही, तो दौरा आहे.

तरी असिस्टंट असायचाच. आमचा एक माजी विद्यार्थी, विद्यापीठाचा कलर होल्डर, घरची द्राक्षबाग. सात वर्षं रोज पहाटे साडेपाचला यायचा. पाऊस झाला की मैदानावर फक्की मारून पुन्हा रेषा आखायचा, पोरांना ब्लॉकचे पाय शिकवायचा आणि आठला औषध मारायला बागेत. त्याला मी सात वर्षांत काय दिलं? एक ट्रॅकसूट. आणि दोनदा टी.ए. मिळवून दिला, तोही व्यवस्थापकाच्या नावावर दाखवून. घाटवाट, तुमच्या मुलीला मास्टर्सची फी देऊन वर पगार देतायत म्हणता, हे वाचून मला तर जरा हेवाच वाटला.

टंकलेखिका

सर, ट्रॅकसूट वाचून गलबललं.

बाकावरची_दुसरी

घाटवाट, तुमचा धागा बहिणीने पाठवला. मी या धंद्यात आठ वर्षं होते, मिडवेस्टमधेच, तीन कॉलेजांत. सगळी डिव्हिजन वन, पण टीव्हीवर दिसतात तसली नव्हेत. गेल्या दीड वर्षापासून शाळेत गणित शिकवते. तेव्हा जे लिहीन ते सोडून आलेल्या माणसाचं आहे, हे धरून वाचा.

आधी पायऱ्या. सगळ्यात खाली ग्रॅज्युएट असिस्टंट, तुमच्या मुलीला मिळतंय ते. मग असिस्टंट कोच. मग असोसिएट हेड कोच, म्हणजे काम तेच आणि नाव मोठं, कधी पगार वाढतो कधी नाही. मग मुख्य कोच. बाजूला डायरेक्टर ऑफ ऑपरेशन्स असते, ती बस, हॉटेल, जेवण, बिलं बघते. छोट्या कॉलेजात ही बाजूची माणसं नसतातच, तेव्हा बसवाल्याला फोनही असिस्टंटच करते. पूर्वी डिव्हिजन वनला आणखी एक पायरी होती, व्हॉलंटिअर कोच. कॉलेजने एक पैसा द्यायचा नाही असा नियमच होता, आणि खेळाडू बघायला बाहेर पाठवायचंही नाही. मी दोन वर्षं तशी होते. उन्हाळ्यात शाळकरी मुलींचे कॅम्प घेऊन भाडं काढायचं आणि सकाळी कॉफीच्या दुकानात. कोर्टकचेऱ्या झाल्या आणि जुलै २०२३ पासून ते पद गेलं. आता घ्यायचं तर पगार देता येतो. देतातच असं नाही.

आता काम. लोकांना वाटतं असिस्टंट म्हणजे जिममध्ये शिट्टी घेऊन उभी. मुलींचा सराव सीझनमध्ये आठवड्याला जास्तीत जास्त वीस तास, तो नियम आहे. आमचा आठवडा सत्तर तासांचा. उरलेले पन्नास कुठे जातात? लॅपटॉपमध्ये आणि फोनवर.

लॅपटॉपचं सांगते. डेटाव्हॉली नावाचं सॉफ्टवेअर आहे, मूळ इटलीचं. समोरच्या संघाच्या तीन-चार मॅचचे व्हिडिओ घ्यायचे आणि प्रत्येक स्पर्शाची एक ओळ टाइप करायची. सात नंबरने सर्व्ह केली, कुठून, कुठे, बारा नंबरने पास दिला, पास कसा, लिफ्टरने कुणाला दिलं, तिने कुठे मारलं. प्रत्येकाच्या शेवटी एक चिन्ह. उत्तम असेल तर हॅश (#), आणि चूक असेल तर बरोबरचं चिन्ह (=)! पहिल्या महिन्यात माझ्या मराठी डोक्याने बरोबर पासला बरोबर ठोकलं आणि आमची सगळ्यात चांगली पासर कागदावर सगळ्यात वाईट निघाली. मुख्य कोच रिपोर्टकडे बघत राहिली आणि मग माझ्याकडे.

एका मॅचच्या हजारावर ओळी होतात. शनिवारी रात्री मॅच संपली की सात तासांची बस, मुली झोपलेल्या, गुडघ्यावर लॅपटॉप. एवढं करून हाती काय येतं, तर एखादं वाक्य. 'यांची लिफ्टर पुढच्या रांगेत असली आणि पास नेटपासून लांब पडला, की ती डोळे झाकून चार नंबरच्या झोनलाच, म्हणजे नेटच्या डाव्या टोकाला देते.' पुढच्या शुक्रवारी आमची ब्लॉकर तिथे आधीच उभी असते, बॉल तिच्या हातावर आदळून खाली येतो, प्रेक्षक तिच्या नावाने ओरडतात. तेव्हा बाकावर दुसऱ्या खुर्चीत बसलेल्या बाईला जे वाटतं, ते मला अजून गणितात सापडलेलं नाही.

फोनचं नंतर लिहिते, तास आहे.

शेंगदाणा

दंडवत घ्या ताई. माझा पहिला प्रतिसाद मागे.

लोणावळा_लोकल

प्रतिसाद छान, पण मूळ प्रश्न पैशाचा आहे. मुलगी हुशार आहे, फिजिकल थेरपीचं लायसन्स एकदा मिळालं की जन्माची भाकरी. छंद म्हणून शनिवारी क्लबला शिकव की. भावनेच्या भरात निर्णय नको. स्पष्ट बोलतो, राग नसावा.

बाकावरची_दुसरी

राग नाही, पैशाचंच सांगते. व्हॉलंटिअर सोडून पहिला पगार वर्षाला ३१ हजार डॉलर होता. आठव्या वर्षी ५२ हजार. मोठ्या कॉन्फरन्समध्ये (आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटात) पहिली असिस्टंट लाखाच्या वर जाते, पण अशा खुर्च्या किती? तिन्ही डिव्हिजन मिळून हजाराहून जास्त कॉलेजांत मुलींचे संघ आहेत. त्यातल्या बहुतेकांचा सगळा कारभार एक मुख्य कोच आणि एक-दोन असिस्टंट यांच्यावर चालतो, आणि असिस्टंटचा करार वर्षावर्षाचा.

शनिवारी क्लबला शिकवणं हा मात्र वेगळा धंदा आहे, काका. तो वाईट नाही, पण हा नाही.

आता फोन. फोन म्हणजे रिक्रूटिंग, संघासाठी नव्या मुली शोधून आणणं. मुलीचं दहावीचं वर्ष संपल्यावर १५ जूनला कोचने तिच्याशी बोलायला परवानगी मिळते. १४ जूनच्या रात्री आम्ही ऑफिसात पिझ्झा मागवून बसायचो आणि बाराच्या ठोक्याला मेसेज सोडायचो. त्याच्या आधी जानेवारीपासून क्लब स्पर्धा. एखाद्या शहराचं प्रदर्शन केंद्र, सिमेंटच्या जमिनीवर एकाला एक लागून साठ-सत्तर कोर्ट, शिट्ट्यांचा असा कलकलाट की संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत शांततेचाच आवाज येतो. कोर्टाच्या टोकाला कॉलेजचा टीशर्ट घालून खुर्चीत बसायचं. स्मॅश सगळ्यांनाच दिसतो. मी बघायचे ती बॉल जिच्याकडे नाही ती मुलगी. जोडीदारीण मारायला उडाली की ही तिच्यामागे वाकून कव्हरला जाते का, की उभ्याने बघते? आठ वर्षांत ज्या मुली आणल्या त्यातल्या निम्म्या मी त्या दोन पावलांवर आणल्या.

आणि इथेच ते दुखणं आहे, जे तुमच्या मुलीला आत्ता कुणी सांगणार नाही. मुलगी कॉलेजला हो म्हणते ती बहुतेकदा असिस्टंटच्या शब्दावर. वर्षभर तिच्याशी, तिच्या आईशी बोललेली तीच असते. माझ्या तिसऱ्या कॉलेजात डिसेंबरात रात्री नऊला मुख्य कोचचा मेसेज आला, मला काढलंय. मुख्य कोच गेली की नवी आपली माणसं घेऊन येते, हा अलिखित कायदा. सकाळी माझ्या कार्डाने जिमचं दार उघडलं नाही. भाड्याचे सात महिने बाकी होते, त्याचं एवढं नाही. पण पुढच्या वर्षी येणाऱ्या तीन मुलींना मी फोन केले. एकीची आई म्हणाली, तुम्ही म्हणाला होतात मी आहे ना. मला त्यावर उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही. मी त्यानंतर अर्जच केला नाही कुठे.

टंकलेखिका

…

पीटीचे_सर

ताई, तुम्ही चार नंबरवर ब्लॉक लावलात, तो आमच्या त्या द्राक्षवाल्याला समजेल. लिंक पाठवली त्याला.

कऱ्हाडचा_पाहुणा

थोडं अवांतर. माझा भाचा शिवाजी विद्यापीठाकडून आंतरविद्यापीठ खेळलाय, स्मॅशर. एम.पी.एड. झालं, आता पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) कोचिंग डिप्लोमा करायचा म्हणतो. त्याला अमेरिकेत असं काही जमेल का?

बाकावरची_दुसरी

जमतं, पण वाट अरुंद आहे. शिकायला म्हणून यायचं आणि ग्रॅज्युएट असिस्टंट व्हायचं, ही एकच सरळ वाट. मुलांचे संघ इथे फार थोडे, पण मुलींच्या संघांना पुरुष कोच भरपूर. (हाही एक विनोदच. १९७२ मध्ये टायटल नाइन, म्हणजे शिक्षणात मुलामुलींत भेदभाव नको असा कायदा आला तोवर मुलींच्या संघांना बहुतेक बायकाच शिकवत. कायद्याने खेळात पैसा आला, आणि आता बायका निम्म्याहून कमी.) डिग्रीनंतर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच, बारा महिने काम करता येतं, क्रीडा व्यवस्थापनासारख्या विषयांना पुढची वाढ सहसा मिळत नाही. मग एच-१बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा. विद्यापीठांना त्यात लॉटरी नाही हा फायदा, पण ४० हजारांच्या पदासाठी वकिलाची फी भरणारं कॉलेज मी पाहिलेलं नाही. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरून येणाऱ्याच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलर लावले. भाच्याला म्हणावं डिप्लोमा जरूर कर, आणि डेटाव्हॉली शीक. ते घरबसल्या येतं, आणि संघांना व्हिडिओ फोडून देणारी माणसं लांबूनही लागतात.

पीटीचे_सर

पाहुणे, पतियाळाला पाठवा त्याला. १९६१ पासूनची संस्था आहे, तिथला डिप्लोमा असला की निदान क्रीडा मार्गदर्शकाच्या जागेला अर्ज करता येतो. त्या जागा निघतात कधी हे विचारू नका. खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण आहे त्यातूनही बघायला सांगा. आमचे निम्मे स्मॅशर पोलीस खात्यात आहेत आणि रविवारी मैदानावर येतात, तेच आमचे असिस्टंट कोच!

लोणावळा_लोकल

म्हणजे ताईंचंही मत तेच झालं, की जाऊ नये. मी तर पहिल्यापासून सांगतोय.

बाकावरची_दुसरी

नाही, तसं झालं नाही.

२०२४ च्या डिसेंबरातली फायनल घ्या, पेन स्टेट आणि लुइव्हिल. एनसीएएने (इथले कॉलेज खेळ चालवणारी संस्था) मुलींची स्पर्धा १९८१ ला सुरू केली, आणि तोवर एकदाही बाई मुख्य कोच असलेला संघ डिव्हिजन वन जिंकला नव्हता. त्या दिवशी दोन्ही बाकांवर बायका, म्हणजे कुणीही जिंकलं तरी तो हिशेब संपणार होता. पेन स्टेटची केटी शूमाकर-कॉली जिंकली. त्याच सीझनमध्ये तिची कॅन्सरची केमोथेरपी चालू होती, ते सगळ्यांनी छापलं. मला तिचं दुसरंच लक्षात आहे. १९९९ ला ती पेन स्टेटकडून खेळून जिंकलेली. मग शिकागोत इलिनॉय विद्यापीठाची मुख्य कोच, मग पेनची (पेन्सिल्वेनिया विद्यापीठ, पेन स्टेट वेगळं) मुख्य कोच. आणि तिथून २०१८ ला ती परत पेन स्टेटला आली ती तिथला मुख्य कोच रस रोज याच्या हाताखाली, दुसऱ्या खुर्चीवर. मुख्य कोच राहिलेली बाई पुन्हा असिस्टंट झाली! आपल्याकडे मुख्याध्यापिका पुन्हा वर्गावर गेली तर गाव काय म्हणेल? चार वर्षं तिथे बसली, रस रोज निवृत्त झाल्यावर २०२२ ला संघ तिच्याकडे आला.

हरलेल्या बाजूला लुइव्हिलची मुख्य कोच डॅनी बुसबूम केली. घाटवाट, हे मुलीला सांगा, ही लिबेरो होती. नेब्रास्कात आधी लिफ्टर, शेवटच्या वर्षी लिबेरो झाली आणि २००६ चं विजेतेपद. मग टेनेसी, लुइव्हिल, नेब्रास्का अशी असिस्टंट. २०१५ ला नेब्रास्का जिंकलं तेव्हा ती बाकावर दुसरी. मग लुइव्हिलची मुख्य कोच, दोनदा फायनल हरली, आणि ती दुसरी फायनल हरल्यावर महिन्या-दीड महिन्यात नेब्रास्काचा मुख्य कोच जॉन कुक निवृत्त झाला आणि नेब्रास्काने तिला बोलावलं. ज्या नेब्रास्कात ३० ऑगस्ट २०२३ ला फुटबॉलच्या स्टेडियममध्ये नेट बांधून मॅच ठेवली आणि ९२,००३ माणसं आली, तिथे. खुद्द कुकही आधी तिथेच असिस्टंट होता.

ही शिखरं झाली, खाली माझ्यासारख्या शेकडो. मी सोडलं ते काम वाईट होतं म्हणून नाही. मला दुसऱ्याच्या नोकरीवर स्वतःचा शब्द द्यायचा कंटाळा आला. मुलीला जायचं असेल तर तिला तीन गोष्टी आधी विचारायला सांगा. मुख्य कोचच्या कराराची किती वर्षं उरलीत? तिच्या आधीच्या ग्रॅज्युएट असिस्टंट आता कुठे आहेत? आणि सरावात तिच्या हाती निदान लिबेरो आणि पासर देणार का, की दोन वर्षं नुसते व्हिडिओ? पहिल्या दोन प्रश्नांना कोचने लगेच उत्तर दिलं तर बरं लक्षण.

घाटवाट

सगळ्यांचे आभार. ताई, तुमचे प्रतिसाद मी मुलीला वाचून दाखवले, अडेल तिथे इंग्रजी करून. 'कव्हरला दोन पावलं' ऐकल्यावर ती उठून उभी राहिली आणि हॉलमध्ये मला करून दाखवलं. त्या मुलीची आई तुम्हाला फोनवर काय म्हणाली ते ऐकल्यावर मात्र बराच वेळ गप्प होती. तिन्ही प्रश्न तिने विचारलेत. कोचच्या कराराची तीन वर्षं उरलीत. आधीच्या दोघींपैकी एक असिस्टंट आहे, एक विमा विकते. पासर देणार म्हणाल्या. तिसऱ्या उत्तरावर आमच्या घरातली चर्चा संपली.

लोणावळा_लोकल

शुभेच्छा. लायसन्सचं दार उघडं ठेवा एवढंच.

घाटवाट

नऊ महिन्यांनी धागा वर काढतोय, माफ करा.

ऑगस्टात तिला सोडून आलो. नऊ तास ड्रायव्हिंग. एका खोलीचं घर, तळघरात. कूकर, मसाल्याचा डबा आणि आईने पाठवलेलं मेतकूट लावून दिलं. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून बघतो तर ही जिममध्ये नेट बांधत होती. कॉलेजच्या वेबसाइटवर फोटोखाली आडनावात एक अक्षर कमी आहे. ती म्हणते राहू दे, दोन वर्षांत बदलतील.

परवा पहिली मॅच. लाइव्ह दाखवतात, एकच कॅमेरा, तोही वर कुठेतरी बांधलेला. बाक दिसतच नाही, नुसते गुडघे दिसतात. बायको म्हणाली, त्या निळ्या पँटवाले आपलेच. तिसऱ्या सेटला २३-२२ असताना आमची सर्व्ह होती. तेवढ्यात कोपऱ्यातून एक क्लिपबोर्ड वर आला आणि त्याच्या आड एक हात. पाच बोटं. मी ओरडलोच, पाच नंबर झोन, पाच! शेजारच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला.

पीटीचे_सर

वा! वा! द्राक्षवाल्यालाही सांगतो.

बाकावरची_दुसरी

पाच बरोबरच असणार, तिने तिथली पासर व्हिडिओत बघून ठेवली असेल. सर्व्ह कुठे पडली?

घाटवाट

नेटमध्ये.